शोधनिबंधांची यादी आणि उद्धरणांचे आकडे : जैववैद्यकीय संशोधकांनो, या चुका टाळा

वैद्यकीय महाविद्यालयातील पदोन्नती असो, संशोधन निधीचा अर्ज असो किंवा परदेशातील पोस्टडॉक्टरल जागेसाठीचा बायोडेटा असो, संशोधकाकडे आज दोन गोष्टी हमखास मागितल्या जातात. एक म्हणजे प्रकाशित शोधनिबंधांची यादी आणि दुसरी म्हणजे त्या निबंधांना मिळालेली उद्धरणे, रोजच्या बोलण्यातली सायटेशन्स. यादीचे काम कारकुनी समजून शेवटच्या दिवशी उरकले जाते आणि उद्धरणांचा आकडा एखाद्या संकेतस्थळावरून जसाच्या तसा उचलला जातो. बहुतेक घोटाळ्यांचे मूळ याच घाईत असते. उद्धरणांचा प्रत्येक आकडा यादीतूनच निघतो. यादीत दुसऱ्याचा निबंध शिरला असेल, स्वतःचा निसटला असेल किंवा एकच निबंध दोनदा मोजला गेला असेल, तर पुढचे गणित कितीही काटेकोर केले तरी उत्तर चुकीचेच येणार. म्हणून आधी नोंदीतल्या चुका पाहू आणि मग आकडे वाचतानाच्या.

एकाच संशोधकाचे तीन एच-इंडेक्स

एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाचे किती निबंध किती वेळा उद्धृत झाले यावरून काढलेला एक आकडा; तो कसा काढतात ते पुढे येईलच. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा की गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स 21 दिसतो, स्कोपसवर 15 आणि वेब ऑफ सायन्सवर 13, तर यांतला खरा कोणता? तिन्ही आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण उद्धरणे मोजणाऱ्या या तीन संकेतस्थळांची मोजणी निबंधांच्या वेगवेगळ्या साठ्यांवर चालते. गूगल स्कॉलर नियतकालिकांबरोबर प्रबंध, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच ऑनलाइन ठेवलेले निबंध), पुस्तके आणि संस्थांच्या संकेतस्थळांवरील अहवाल यांतूनही उद्धरणे गोळा करते. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स मात्र निवडून घेतलेल्या स्रोतांपुरतेच, मुख्यतः नियतकालिकांपुरतेच, पाहतात. त्यामुळे गूगल स्कॉलरचा आकडा जवळजवळ नेहमीच मोठा असतो. स्कोपसमध्ये निबंधांच्या संदर्भयाद्या प्रामुख्याने 1970 नंतरच्या असल्याने ज्येष्ठ संशोधकांच्या जुन्या कामाला तिथे पुरता न्याय मिळेलच असे नाही.

यातली चूक मोठा आकडा निवडण्यात जितकी आहे, तितकीच तो कुठून घेतला हे न लिहिण्यात आहे. अर्जात "एच-इंडेक्स 15 (स्कोपस, अमुक तारखेला पाहिलेला)" असे लिहिले की परीक्षकाला तो पडताळता येतो. स्रोत आणि तारीख नसलेला आकडा पडताळता येत नाही आणि एक आकडा जुळला नाही की सगळ्या अर्जाकडेच संशयाने पाहिले जाते. दोन उमेदवारांची तुलना करणाऱ्या समितीनेही दोघांचे आकडे एकाच साठ्यातून आणि शक्यतो एकाच दिवशी काढावेत. हा साधा नियम पाळला गेला नाही म्हणून किती चांगल्या माणसांवर अन्याय झाला असेल, याचा विचार अस्वस्थ करतो.

नावाचा घोळ

मराठी संशोधकांचे सर्वाधिक नुकसान या एका गोष्टीने होते, म्हणून तिच्याकडे नीट पाहू. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या शोधस्थळावर आडनाव आणि त्यापुढे आद्याक्षरे अशी नावे मांडण्याची पद्धत आहे. "पाटील एस", "जोशी ए", "कुलकर्णी एम" अशा नावांखाली शोध घेतला तर अनेक वेगवेगळ्या माणसांचे निबंध एकाच रांगेत उभे राहतात, कारण आडनावे मोजकी आणि आद्याक्षरे त्याहून मोजकी. लेखकाचे पूर्ण नाव पबमेडच्या नोंदीत 2002 पासूनच्या निबंधांसाठी येऊ लागले, तेही नियतकालिकाने ते छापले असेल तरच. त्याआधीचे काम आजही आद्याक्षरांवरच उभे आहे.

आपल्याकडे यात आणखी गुंते पडतात. कधी वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले नाव म्हणून लिहिले जाते, कधी गाळले जाते. विवाहानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे पीएच.डी.च्या काळातले निबंध एका नावावर आणि पुढचे दुसऱ्या नावावर राहतात, आणि स्कोपसचा संगणक त्यांना दोन व्यक्ती समजून दोन वेगळे लेखक-क्रमांक देऊन टाकतो. मग तिची उद्धरणे दुभंगतात आणि दोन्हीकडे एच-इंडेक्स खरा असतो त्याहून कमी दिसतो. चौधरी, दीक्षित, वैद्य अशी आडनावे रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिली जातात, त्यामुळे विवाहाचा काही संबंध नसतानाही हाच प्रकार घडतो.

यावरचा उपाय पहिला निबंध पाठवण्याआधीच करायचा असतो. रोमन लिपीत आपले नाव नेमके कसे लिहायचे, मधले नाव घ्यायचे की नाही, हे एकदा ठरवावे आणि आयुष्यभर तेच ठेवावे. विवाहानंतर कागदोपत्री नाव बदलले तरी निबंधांवर जुनेच नाव ठेवण्याला कुठलीही आडकाठी नाही. सोबत ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाची कायमची ओळख सांगणारा क्रमांक, घ्यावा. 2012 पासून उपलब्ध असलेला हा सोळा अंकी क्रमांक मोफत मिळतो आणि नाव, संस्था, देश काहीही बदलले तरी तोच राहतो. मात्र क्रमांक काढून पान रिकामे ठेवणे ही पुढची नेहमीची चूक आहे. ऑर्किडच्या खात्यात क्रॉसरेफला (प्रकाशित निबंधांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला) नोंदी आपोआप भरण्याची परवानगी देता येते. ती दिली की ज्या निबंधांबरोबर आपण क्रमांक कळवला आहे, ते स्वतःहून यादीत येऊ लागतात.

घोळ आधीच झालेला असेल तर तोही निस्तरता येतो. स्कोपसमध्ये आपल्या नावाने शोध घेऊन जितके लेखक-क्रमांक आपले वाटतात तितके निवडावेत आणि ते एकत्र करण्याची विनंती तिथूनच पाठवावी. आपले नसलेले निबंध काढून टाकण्याची सोयही तिथेच आहे. वेब ऑफ सायन्समध्ये आपल्या लेखक-नोंदीवर हक्क सांगून ती दुरुस्त करता येते. दुरुस्ती लगेच दिसत नाही, म्हणून अर्जाच्या अंतिम तारखेआधी काही आठवड्यांची सवड ठेवून हे काम करावे.

गूगल स्कॉलरवर मात्र धोका उलट दिशेचा असतो. तिथे नवीन निबंध आपोआप जोडण्याची सोय चालू ठेवली की नामसाधर्म्यामुळे परक्यांचे निबंध आपल्या पानावर येत राहतात. हृदयरोगावर काम करणाऱ्या एखाद्या डॉक्टरांच्या पानावर सिमेंटच्या मजबुतीवरचा निबंध दिसतो, तो यामुळेच. हे आपण केलेले नसले तरी पान आपल्या नावाचे आहे आणि त्यावरच्या प्रत्येक ओळीची जबाबदारी आपली आहे. ही सोय बंद करून "आधी मला विचारा" हा पर्याय निवडावा आणि परके निबंध काढून टाकावेत. आकडा खाली आला तरी येऊ द्यावा.

"पबमेडमध्ये आहे" म्हणजे नेमके काय

पबमेड हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे शोधद्वार आहे, आणि त्यात मेडलाइन, पबमेड सेंट्रल व पुस्तकांचा एक संग्रह अशा वेगवेगळ्या भांडारांतल्या नोंदी येतात. मेडलाइन ही वैद्यकीय नियतकालिकांची सूची असून तिच्यात नियतकालिक निवडून घेतले जाते. पबमेड सेंट्रल हे पूर्ण मजकुरांचे भांडार आहे आणि त्याचे निकष निराळे आहेत. शिवाय निधी देणाऱ्या संस्थेच्या अटीमुळे एखाद्या नियतकालिकातला एकच निबंध तिथे जमा झालेला असू शकतो. त्यामुळे एक निबंध पबमेडमध्ये सापडला म्हणजे ते नियतकालिक मेडलाइनमध्ये आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

पदोन्नतीच्या वेळी हा फरक महत्त्वाचा ठरतो. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने सप्टेंबर 2015 मध्ये पदोन्नतीसाठी ग्राह्य निबंधांचे निकष काढले, तेव्हा श्रेय फक्त पहिल्या दोन लेखकांना होते आणि केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणारी नियतकालिके वगळली होती. 2020 च्या दुरुस्तीत ग्राह्य सूची बदलल्या आणि पहिले तीन लेखक किंवा करस्पॉन्डिंग ऑथर (निबंधाबाबत पत्रव्यवहार करणारा लेखक) यांचा निबंध धरावा असे ठरले. त्यानंतरही, परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नियम बदलले आहेत. विद्यापीठांतल्या संशोधकांना आधार वाटणारी, विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादीही फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली. म्हणून विभागातल्या वरिष्ठांनी दहा वर्षांपूर्वी काय केले यावर न विसंबता, ज्या दिवशी अर्ज करायचा त्या दिवशी लागू असलेली अधिसूचना स्वतः वाचावी.

सूचीची खात्री करताना नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर छापलेल्या चिन्हांवर विश्वास ठेवू नये. इम्पॅक्ट फॅक्टर या नियतकालिकाच्या सरासरी उद्धरणांच्या मापाची नक्कल करून "ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर" किंवा अशाच नावांचे आकडे विकणाऱ्या कंपन्या आहेत आणि नामांकित नियतकालिकांची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळेही आहेत. नियतकालिकाचा आयएसएसएन हा ओळख-क्रमांक घेऊन स्कोपसच्या किंवा क्लॅरिव्हेटच्या (वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या कंपनीच्या) स्वतःच्या यादीत तो तपासावा. या कामाला पाच मिनिटे पुरतात.

एच-इंडेक्स काय सांगतो आणि काय सांगत नाही

2005 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील पदार्थवैज्ञानिक होर्हे हिर्श यांनी हा निर्देशांक मांडला. एखाद्याच्या किमान दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उद्धरणे असतील आणि अकराव्याला अकरा नसतील, तर त्याचा एच-इंडेक्स दहा. कल्पना सोपी आहे आणि म्हणूनच ती नको तिथे वापरली जाते.

समजा एका संशोधकाचे पाचच निबंध आहेत आणि प्रत्येकाला पाचशे उद्धरणे आहेत. दुसऱ्याचेही पाचच निबंध आहेत आणि प्रत्येकाला पाच. दोघांचाही एच-इंडेक्स पाचच येतो. हा निर्देशांक कधी खाली येत नाही, त्यामुळे वीस वर्षे काम केलेल्याची आणि पाच वर्षे काम केलेल्याची तुलना त्याने केली की वयाचीच तुलना होते. क्षेत्रांमधली दरी तर याहून मोठी आहे. कर्करोगाच्या रेणुजीवशास्त्रात हजारो प्रयोगशाळा एकमेकींचे निबंध उद्धृत करतात. शरीररचनाशास्त्रात किंवा न्यायवैद्यकात काम करणारी माणसेच थोडी, त्यामुळे उत्तम निबंधालाही उद्धरणे थोडीच मिळतात. एकाच महाविद्यालयातील या दोन विभागांना एच-इंडेक्सच्या एका पट्टीने मोजणे हा उघड अन्याय आहे, आणि तो आजही सर्रास होतो.

क्षेत्राचा फरक लक्षात घेणारी मापने उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे आयसाइट हे मोफत साधन पबमेडमधल्या निबंधांसाठी सापेक्ष उद्धरण गुणोत्तर देते. हे गुणोत्तर 1 असेल तर त्या निबंधाला, त्याच क्षेत्रातील त्या संस्थेच्या निधीवर झालेल्या मध्यम निबंधाइतकी उद्धरणे मिळाली आहेत. हे मापही परिपूर्ण नाही, पण शरीररचनेची तुलना कर्करोगाशी करण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

याच संदर्भात "जगातील टॉप 2 टक्के शास्त्रज्ञ" या यादीबद्दल लिहायला हवे, कारण तिच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत दरवर्षी झळकतात. तिला स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पुरस्कार म्हटले जाते, पण ती पुरस्कार नाही. स्टॅनफर्डमधील जॉन इओआनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कोपसच्या माहितीवरून, सहा निर्देशक एकत्र करून तयार केलेला तो माहितीसाठा आहे. त्यात संपूर्ण कारकिर्दीची यादी वेगळी आणि एका वर्षाची वेगळी असते, आणि स्वतःच स्वतःचे केलेले उद्धरण धरून व वगळून असे दोन्ही आकडे दिलेले असतात. बायोडेटात उल्लेख करायचाच असेल तर कोणती यादी, कोणते वर्ष आणि कोणते उपक्षेत्र हे लिहावे. ते न लिहिता केलेला उल्लेख वाचणाऱ्याची दिशाभूल करतो.

नियतकालिकाचा मान माणसाला चिकटवणे

इम्पॅक्ट फॅक्टर ही यूजीन गारफिल्ड यांच्या कामातून आलेली संकल्पना आहे, आणि ग्रंथालयांना नियतकालिके निवडताना तिचा मोठा उपयोग झाला. तिचे सूत्र असे : नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला या वर्षी मिळालेली उद्धरणे, भागिले त्या दोन वर्षांतल्या मोजण्याजोग्या निबंधांची संख्या. ही सरासरी आहे आणि उद्धरणांची वाटणी फार विषम असते. थोड्या निबंधांना पुष्कळ उद्धरणे आणि बहुतेकांना थोडी, हे जवळजवळ प्रत्येक नियतकालिकाचे चित्र असते.

"सीए : अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स" या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर कित्येक वर्षे दोनशेच्या पुढे राहिला, याचे मुख्य कारण त्यात दरवर्षी प्रसिद्ध होणारी कर्करोगाची आकडेवारी जगभरचे लेखक प्रस्तावनेत उद्धृत करतात. "द लॅन्सेट"चा इम्पॅक्ट फॅक्टर 2020 साठी 79.3 होता, 2021 साठी 202.7 झाला आणि 2023 साठी 98.4 वर आला. तीन वर्षांत संपादन इतके सुधारून पुन्हा इतके बिघडले नव्हते. कोविडवरच्या निबंधांची उद्धरणे आली आणि ओसरली. 2021 मध्ये तिथे गर्भारपणातल्या रक्तक्षयावर लिहिणाऱ्या संशोधकाच्या नावापुढे 202.7 लिहिणे म्हणजे दुसऱ्यांच्या कोविडवरील कामाचे श्रेय त्याला देणे.

म्हणूनच अनेकांच्या बायोडेटात दिसणारी "एकूण इम्पॅक्ट फॅक्टर : 64.8" अशी बेरीज कधीही लिहू नये. सरासऱ्यांच्या या बेरजेला कोणताही अर्थ नाही. डिसेंबर 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे पेशीजीवशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात आकाराला आलेल्या आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या डोरा या जाहीरनाम्याची पहिलीच शिफारस अशी आहे की व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी नियतकालिकाचे माप वापरू नये. निबंधापुढे त्या निबंधाची स्वतःची उद्धरणे लिहावीत आणि त्यात आपण काय केले ते एका वाक्यात सांगावे.

आपण काय केले हे वाक्य जैववैद्यकीय क्षेत्रात फार मोलाचे आहे. इथे सहसा पहिल्या नावाचा अर्थ प्रत्यक्ष काम करणारा आणि शेवटच्या नावाचा अर्थ प्रयोगशाळेचा किंवा प्रकल्पाचा प्रमुख असा घेतला जातो. जागतिक रोगभाराच्या अभ्यासासारख्या प्रकल्पांच्या निबंधांना शेकडो लेखक असतात आणि हजारो उद्धरणे मिळतात. अशा दोन-तीन निबंधांनी एखाद्याची एकूण उद्धरणे काही पटींनी वाढू शकतात. त्यांत सहभागी असणे ही अभिमानाची गोष्ट आहे, पण यादीत हे निबंध वेगळ्या उपशीर्षकाखाली द्यावेत आणि एकूण उद्धरणे त्यांच्यासह व त्यांच्याशिवाय अशी दोन्ही लिहावीत. काही निबंधांत नाव लेखकांत नसून सहयोगींच्या यादीत असते, आणि पबमेड ही यादी लेखकांपासून वेगळी दाखवते. सहयोगी म्हणून आलेले नाव लेखक म्हणून मांडणे ही गंभीर चूक आहे.

मागे घेतलेले निबंध आणि दुहेरी नोंदी

प्रीप्रिंट आणि त्याचाच पुढे छापून आलेला निबंध हे यादीत दोन स्वतंत्र कामे म्हणून येऊ नयेत. गूगल स्कॉलरवर दोन्ही निवडून एकत्र करता येतात. ऑनलाइन प्रसिद्धीचे वर्ष आणि अंकाचे वर्ष वेगळे असेल तर सगळ्या कागदपत्रांत एकच वर्ष वापरावे.

आपल्या संदर्भयादीतला एखादा निबंध मागे घेतला गेला आहे का, हे तपासण्याची सवय फार थोड्यांना असते. लसीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा 1998 चा निबंध "द लॅन्सेट"ने 2010 मध्ये मागे घेतला, तरी त्याची उद्धरणे थांबली नाहीत. 22 मे 2020 रोजी तिथेच आलेला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा निबंध 4 जूनला, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, मागे घेतला गेला. मोठ्या उद्धरणसंख्येत निषेधाची आणि खंडनाची उद्धरणेही मोजली जातात, हे यावरून लक्षात यावे. मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा माहितीसाठा 2023 पासून क्रॉसरेफमार्फत सर्वांना खुला आहे. निबंध पाठवण्याआधी संदर्भयादी त्याच्याशी पडताळून पाहावी.

कमी उद्धरणे म्हणजे कमी काम, हा समज

कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये "नेचर"मध्ये दाखवून दिले की पटकीच्या जंतूंपासून वेगळ्या केलेल्या, जंतुरहित द्रवातही रोग घडवणारे विष असते. पटकीवरच्या उपचाराची दिशा बदलणाऱ्या या निबंधाकडे सुरुवातीला फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. 1978 मध्ये डे यांना पटकीवरील नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले, आणि 1986 मध्ये, डे यांच्या निधनानंतर, त्यांच्या कामाच्या प्रभावाचा नकाशा मांडणारा लेख लिहिला तो इम्पॅक्ट फॅक्टरच्या जनकाने, गारफिल्ड यांनीच. दोन वर्षांच्या खिडकीतून पाहणाऱ्या मापाला असे काम दिसणे कठीणच होते.

उलट प्रकारही घडतो. मुंबईत य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केलेला रक्तगट 1952 मध्ये "द लॅन्सेट"मध्ये प्रसिद्ध झाला. आज "बॉम्बे रक्तगट" हा शब्द पाठ्यपुस्तकांत इतका रुळला आहे की तो वापरणाऱ्याला मूळ निबंध उद्धृत करण्याची गरजच वाटत नाही. शोध सर्वमान्य झाला की त्याची उद्धरणे आटू लागतात.

प्रत्यक्ष उपचारांत आणि धोरणात उतरलेल्या कामाची नोंद म्हणूनच वेगळी ठेवायला हवी. महाडला हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांसाठी प्राझोसिन या औषधाचा वापर रुजवला. त्याचा पुरावा उद्धरणसंख्येपेक्षा उपचारपद्धतीत आणि वाचलेल्या रुग्णांत शोधावा लागतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या "सर्च" या संस्थेने केलेल्या क्षेत्रीय चाचणीत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये "द लॅन्सेट"मध्ये प्रसिद्ध झाले. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली आणि 2011 पासून आशा कार्यकर्तींमार्फत असा कार्यक्रम देशभर सुरू झाला.

आपल्या कामाचा असा काही उपयोग झाला असेल, तर यादीत त्यासाठी स्वतंत्र परिच्छेद ठेवावा. कोणत्या मार्गदर्शक सूचनेत, कोणत्या पानावर आपला निबंध उद्धृत झाला, कोणत्या रुग्णालयाने कोणत्या वर्षापासून पद्धत बदलली, कोणत्या शासननिर्णयात तिचा उल्लेख आहे, हे तारखेसह लिहावे आणि त्या कागदाची प्रत जोडावी. सरकारी मार्गदर्शक सूचना स्कोपसच्या मोजणीत सहसा येत नाहीत, त्यामुळे हे काम संशोधकाने स्वतः केले नाही तर ते दुसरे कोणी करणार नाही.